खर्वाच्या पुढचं नाव

“म्हणजे बाबा आपल्याला चुकीचं शिकवत होते, असंच ना?” दादा म्हणाला. आल्यापासून तो हे एकच वाक्य कॉलरवर इस्त्री फिरवावी तसं उलटसुलट फिरवत होता.

“एक नाव गाळून शिकवत होते,” ताई म्हणाली.

“गाळून म्हणजे चुकीचंच की.”

“बरं, चुकीचं.”

हे ऐकून तो उठलाच. स्वयंपाकघरात उठून जायला जागा नव्हती, म्हणून फ्रिजपर्यंत जाऊन परत आला. ताईचा नवरा खिडकीशी बसून चहात बिस्कीट बुडवत होता आणि आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत होता. आई, म्हणजे या बहीणभावांची आई, जमिनीवर पाय पसरून वाटाणे सोलत बसली होती. ती लेकीकडेच राहते. या भांडणात तिला कोणी काही विचारलं नव्हतं आणि तिनेही मध्ये तोंड घातलं नव्हतं.

दादाचं म्हणणं असं, की मोठ्या संख्यांची नावं काही आभाळातून पडलेली नाहीत. कोणीतरी माणसानेच ठेवली. मग आपल्या घरात अब्ज, खर्व आणि त्यापुढे महापद्म असं म्हणत आलेत, तर आपल्यापुरतं तेच खरं. ताईचं म्हणणं असं, की तिने ग्रंथालयातली जुनी गणिताची पुस्तकं धुंडाळली, आणि बाबा म्हणायचे ती मालिका जिथे जिथे सापडली तिथे खर्व आणि महापद्म यांच्या मध्ये निखर्व बसलेलं आहे. खर्वावरून थेट महापद्मावर उडी कोणीच मारलेली नाही.

“ती उडी फक्त आपल्या लाँड्रीत मारतात,” ती म्हणाली.

“लाँड्रीला मध्ये आणू नकोस.”

“लाँड्रीतूनच तर आलंय हे सगळं.”

ते खरंच होतं. लाँड्री त्यांच्या वडिलांची. आता दादा चालवतो, मोठमोठी यंत्रं घेतली आहेत, चादर एका बाजूने आत गेली की दुसऱ्या बाजूने घडी होऊन येते. वडिलांच्या काळात रुग्णालयाच्या आणि लॉजच्या चादरी मागच्या अंगणात दोरीवर वाळायच्या आणि घड्या घालायला ही दोन मुलं उभी राहायची. दोन टोकं दादाच्या हातात, दोन ताईच्या. ताणायची, झटकायची, चालत जवळ यायचं, टोकाला टोक भिडवायचं, पुन्हा मागे जायचं. मुलंच ती. एक जोरात ओढायचं, दुसरं मुद्दाम सोडून द्यायचं, आणि धुतलेली चादर मातीत. म्हणून वडील त्यांच्या तोंडाला काम लावत. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष... एका नावाला एक हालचाल. परार्ध म्हणेपर्यंत घडी पुरी झाली पाहिजे. वडिलांचं शिक्षण बेताचंच, पण ही नावं त्यांना येत आणि त्याचा त्यांना कोण अभिमान. गिऱ्हाईक पावती घेऊन उभं असलं तरी म्हणायचे, थांबा, आधी पोरांचं ऐका. दादा पुटपुटल्यासारखं म्हणायचा. ताईचा आवाज मात्र गल्लीच्या तोंडाशी ऐकू जायचा. हिला घरात ठेवायची म्हणजे कानात बोळे घालून बसायचं, असं वडील म्हणायचे, पण म्हणताना त्यांची मान ताठ असायची.

त्या आवाजाचं पुढे काही होईल असं मात्र कोणाला वाटलं नव्हतं. लग्न झालं, संसार झाला, आवाज भाजीवाल्याला हाका मारण्यात गेला. मग कधीतरी, अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका ग्रंथालयाला वाचक हवे आहेत असं ताईच्या कानावर आलं. ती गेली, एक पान वाचलं. तिथल्या ध्वनिमुद्रकाने कानांवरचे हेडफोन काढून तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि उद्यापासून या म्हणाला. या माणसाला सगळे कानसेन म्हणत. वाचणाऱ्याने बाही सारखी केली तरी त्याला ऐकू येई. तेव्हापासून ती वाचकताई झाली.

ग्रंथालयात मुद्रणाची खोली एकच आणि वाचणारे बरेच, म्हणून पुढे यंत्र घरी आलं. मागच्या खोलीच्या भिंतींवर आणि दारावर दादाने दिलेल्या जाडजूड रजया टांगल्या. ताई वाचायला बसली की पंखा बंद, मिक्सर बंद, नळाखाली कापड. आईला खोकल्याची उबळ आली की तिने शेजारी जाऊन खोकून यायचं. नवरा पाणीपुरवठ्याचे मीटर वाचायच्या नोकरीत. तो येईल त्याला सांगे, आमच्या घरात दोघंही वाचकच. मी वाचतो त्याचं लोकांना बिल येतं, ही वाचते त्याने मला घाम येतो.

तर गेल्या उन्हाळ्यात आकाशाचं पुस्तक आलं. ग्रह, तारे, त्यांची अंतरं. लिहिणाऱ्याला शून्यांची फार हौस. एकही संख्या अक्षरात नाही, सगळे आकडे पुरते छापलेले, काही तर ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. बघणाऱ्याला ते शोभतं. एवढी लांबलचक माळ पाहून त्याचा जीव दडपतो आणि तो पुढच्या ओळीवर जातो. ऐकणाऱ्यासाठी वाचायचं तर आकड्याला तोंडाने काहीतरी म्हणावं लागतं. कानसेन म्हणाला, सरळ लाख कोटी, हजार कोटी म्हणा, पेपरात म्हणतात तसं. ताईने नाक मुरडलं.

“वाटीवाटीने विहीर उपसल्यासारखं वाटतं ते,” ती म्हणाली. “नावं आहेत त्यांना. आणि मला येतात.”

मग प्रत्येक आकड्याशी ती थांबे. उजव्या टोकाच्या शून्यावर पेन्सिल टेकवायची, मनात एकं म्हणायचं, शेजारच्यावर दहं, असं करत डावीकडे जायचं, आणि शेवटच्या अंकाला जे नाव येईल ते धरून मग मोठ्याने वाचायचं. पहिला तुकडा ऐकून कानसेनने विचारलं होतं, मागे कोंबडी दाणे टिपते आहे का. तेव्हापासून तिने पेन्सिल सोडली आणि बोटाचं पेर फिरवायला लागली. सगळा उन्हाळा पंखा बंद ठेवून, मानेवर ओला पंचा घेऊन तिने ते पुस्तक वाचलं. ऐकणाऱ्यांना नावांची ओळख असावी म्हणून अगदी सुरुवातीला सगळी नावं एका दमात, अंगणात म्हणायची त्याच ठेक्यात म्हणून दाखवली. ग्रंथालयाच्या प्रमुखांना ते इतकं आवडलं की त्यांनी तेवढाच तुकडा अंधशाळेत पाठवला. तिथली मुलं तो प्रार्थनेसारखा म्हणायला लागली. ताईने हे घरी सांगितलं तेव्हा दादा खास मोठ्या दुकानातून मिठाई घेऊन आला होता. वडील गेल्यावर त्याने ही नावं लाँड्रीच्या भिंतीवर निळ्या रंगात रंगवून घेतली होती, आता तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला की आमच्या घरातलं हे आता शाळेत लागलंय.

मग आठवड्यापूर्वी ती मुलगी आली.

दारावर टकटक झाली. ताईने आतूनच “कोण?” म्हणून विचारलं. बाहेरून उत्तराऐवजी हसण्याचा आवाज आला. “तुम्हीच,” ती म्हणाली. हातात पांढरी काठी, पाठीला दप्तर. कानसेनकडून पत्ता मिळवून एकटी आली होती. विज्ञानाच्या महाविद्यालयाची प्रवेशपरीक्षा तिने दिली होती आणि थोडक्यात तिचा नंबर हुकला होता. ती तक्रार करायला आली नव्हती, हे ताईला नंतर जास्त लागलं. तिला फक्त विचारायचं होतं.

“प्रकाश एका वर्षात किती किलोमीटर जातो, असा प्रश्न होता,” ती म्हणाली. “मी नऊ शंकू, चार महापद्म, सहा खर्व सांगितलं. लेखनिकाने शंकूवर तेरा शून्यं धरली. महापद्मावर बारा. आणि मग चार आणि सहाच्या मध्ये एक शून्य आलं. मी म्हटलं, तिथे शून्य नाहीये. ते म्हणाले, तुम्ही सांगताय तसंच लिहिलंय.”

ताईने मांडीवर बोट फिरवलं. तिच्या मोजणीने शंकूवर बारा शून्यं होती.

त्याच उत्तरावर पुढचे दोन प्रश्न उभे होते, तेही गेले. मुलगी म्हणाली, थंडीत आणखी एकदा बसता येतं, त्यानंतर वयात बसत नाही. “आमच्यासाठी आकाशावर हे एकच पुस्तक आहे, ताई. मी पुन्हा त्याच्यावरूनच करणार. तर कोणतं पाठ करू, तुमचं की लेखनिकाचं?”

ताईने तिला चहा दिला आणि शोधून सांगते म्हणाली. मुलगी गेल्यावर तो कप कितीतरी वेळ तसाच ओट्यावर होता.

शोधायला अर्धा दिवससुद्धा लागला नाही. चुकलेलं सापडलं, पण पुढे काय करायचं यावर जो तो तिला वेडं ठरवायला लागला. ग्रंथालयाचे प्रमुख म्हणाले, एवढं काय त्यात, पुस्तकाच्या आधी एक सूचना जोडू: महापद्म म्हणेन तिथे निखर्व समजावे, शंकू म्हणेन तिथे महापद्म समजावे, वगैरे. ताई म्हणाली, ऐकणाऱ्याने ग्रह लक्षात ठेवायचे की माझ्या चुकांचं कोष्टक? प्रमुख म्हणाले, मग आकडे तेवढे काढून नवे चिकटवू. कानसेनने मान हलवली. पानापानावर आकडे, आणि उन्हाळ्यातला घामेजलेला आवाज वेगळा, आत्ताचा वेगळा. गोधडीला ठिगळं लावल्यासारखं ऐकू येईल, तो म्हणाला, आणि प्रत्येक ठिगळाला ऐकणारा दचकेल.

तेव्हा प्रमुखांनी नवं यंत्र लावून दाखवलं. पुस्तकाचं पान समोर धरलं की ते आपणच वाचतं. न दमता, न थांबता. प्रकाशाच्या आकड्याशी आल्यावर ते म्हणालं, नऊ चार सहा शून्य शून्य शून्य शून्य, आणि शून्य म्हणतच राहिलं. ताईने डोळे मिटून ऐकलं. मध्येच कुठेतरी तिची मोजणी सुटली. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा सुटली. पण त्याचं चुकत तर नाही ना, प्रमुख म्हणाले. अगदी गोड माणूस, आवाज चढवून कधी बोलायचे नाहीत. ते म्हणाले, यापुढे आकड्यांची पुस्तकं यंत्राला देऊ आणि गोष्टींची तुम्हाला, म्हणजे तुमच्याही डोक्याला ताप नको. आकाशाचं पुस्तकही यंत्राकडूनच करून घेऊ. परीक्षेच्या आत तुम्ही अख्खं नव्याने देत असाल तर गोष्ट वेगळी. पण ते काही शक्य नाही.

हे सगळं ताईने घरी येऊन सांगितलं आणि दादाला फोन केला. भिंतीवरचं निदान तो दुरुस्त करून घेईल, एवढीच तिची अपेक्षा होती. तो गल्ला नोकरावर सोडून तडक आला, आणि आल्यापासून हे असं चाललं होतं.

“एका शून्याने काय होतंय?” आता नवऱ्याने तोंड उघडलं. “तारे कुठे पळून चाललेत का? लांब ते लांबच.”

“तुम्ही कोणाच्या मीटरचा एक आकडा जास्त लिहा बरं,” ताई म्हणाली. “मग बघू कोण दारात उभं राहतं ते.”

नवऱ्याने बिस्कीट तोंडात टाकलं. गेल्याच वर्षी अशी एक बाई दारात उभी राहिली होती.

दादा खुर्चीवर बसला. आता त्याने आवाज खाली आणला, आणि ताईला हे त्याच्या चढ्या आवाजापेक्षा वाईट वाटलं. तो म्हणाला, बरं, चूक झाली म्हणू. पण ती वाचताना झाली असं का सांगत नाहीस? माणूस दमतो, एखादं नाव सुटतं. बाबांचं नाव कशाला? भिंतीवर त्यांचा फोटो आहे, खाली ही नावं आहेत. लोक येतात, पोरं वाचतात. उद्या शाळेतून कोणी आलं आणि म्हणालं, अहो हे खोटं आहे, तर मी काय सांगू? “तू वाचकच आहेस ना,” तो म्हणाला. “तुझं चुकलं तर कोणी काही म्हणणार नाही.”

“माझं चुकलं तर चालतं,” ताई म्हणाली.

“तसं नाही म्हणत मी.”

“तसंच म्हणतोयस.”

 आईने आणखी एक शेंग फोडली.

“तो अडायचा ना तिथे,” आई म्हणाली.

तिने वर बघितलंसुद्धा नाही, म्हणून ती नक्की कोणाशी बोलली ते पहिल्यांदा कळलं नाही. “कोण अडायचा?” ताईने विचारलं.

“हा.” आईने शेंगेने दादाकडे दाखवलं. “खर्व निखर्व, खर्व निखर्व, तिथेच घाण्याच्या बैलासारखा फिरत राहायचा. पुढे जाईनाच. तोंड अडलं की हात अडायचे, आणि चादर मातीत. मी पुन्हा धुवायची. तेव्हा दुसऱ्या टोकाला मी असायचे, तू अंगावर पीत होतीस. शेवटी हे वैतागले. म्हणाले, जाऊ दे ते निखर्व, आपल्याला कुठे लागतंय. चादर मळण्यापेक्षा ते गेलेलं बरं. मग काढून टाकलं. तू उभी राहायला लागलीस तेव्हा ते नव्हतंच.”

दादाचं तोंड उघडंच राहिलं. “मला नाही आठवत.”

“तुला काय आठवणार. सात वर्षांचा होतास. बोलणी खायचास आणि हसायचास.”

“मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? भिंतीवर रंगवलं तेव्हा तू तिथे खुर्ची टाकून बसली होतीस.”

“मला कोणी विचारलं?” आई म्हणाली. “आणि मला कुठे तिथवर जायचं होतं. माझ्या चादरी कधी शंभराच्या वर गेल्या नाहीत.”

नवऱ्याला हसू आलं, ते त्याने चहात बुडवलं. दादाच्या चेहऱ्यावर मात्र हळूहळू उजेड पडायला लागला. “म्हणजे बाबांना येत होतं,” तो म्हणाला. “त्यांना सगळं येत होतं.” एवढा वेळ अंगावर घेतलेलं ओझं उतरल्यासारखा तो मागे टेकला आणि लगेच ताईला सांगू लागला, की मग प्रश्नच मिटला, तू प्रमुखांना हे असंच सांग, की आमच्या वडिलांना पूर्ण येत होतं, ही काही अज्ञानाची चूक नाही, यामागे कारण होतं.

“काय सांगू?” ताई म्हणाली. “चादर मळत होती म्हणून?”

“का, खरं आहे ते.”

“आणि त्या मुलीला काय सांगू?”

दादाला कोणती मुलगी ते क्षणभर आठवेना. ताईने पाहिलं, त्याला खरंच आठवत नव्हतं. तासभर याच खोलीत त्या एका नावावरून डोकेफोड चालली होती. वडिलांची लाज निघाली होती, मीटरचा विषय निघाला होता, भिंतीच्या रंगाचा निघाला होता, आणि जिला पुन्हा परीक्षेला बसायचं होतं ती कोणाच्या डोक्यातच नव्हती. ताईच्या स्वतःच्याही, मधला बराच वेळ. याचा तिला सगळ्यात जास्त राग आला.

नवरा समजुतीच्या सुरात म्हणाला, त्या मुलीला फोन करून सांग ना, लेखनिकाचं बरोबर आहे म्हणून. काम झालं. ताईला क्षणभर तेही पटलं. मग तिला अंधशाळेतली ती मुलं आठवली, रांगेत उभी राहून तिच्याच ठेक्यात म्हणणारी. त्यातलं कोण कोण पुढे कुठल्या परीक्षेला बसणार होतं, आणि तिने कोणाकोणाला फोन करायचा होता?

“सूचना जोडतात ते काय वाईट आहे?” दादा म्हणाला.

“यंत्र करतंय तर करू दे,” नवरा म्हणाला. “तुला गोष्टी मिळतात. गोष्टीत कुठे शून्यं असतात?”

आई म्हणाली, तिला परत शेजारी जाऊन खोकायचं नाही, शेजारीण हल्ली तोंड वाकडं करते.

ताई उठली. सोललेल्या वाटाण्यांचं पातेलं तिने आईपुढून उचलून ओट्यावर ठेवलं, हात पुसले आणि तिथेच उभी राहून, वर्तमानपत्रातली बातमी वाचावी तशा आवाजात म्हणाली:

“उद्या सकाळपासून मी मागच्या खोलीत बसणार आहे. आकाशाचं पुस्तक पहिल्या पानापासून पुन्हा वाचणार. प्रत्येक आकड्याला नाव सांगेन आणि पुढे शून्यं किती तेही सांगेन, म्हणजे कोणाला माझ्या नावांवर विसंबायला नको. आधीचं चुकलं होतं एवढं सुरुवातीलाच सांगणार, कोणाचं ते सांगणार नाही. दादा, भिंतीचं तुझं तू बघ. परीक्षेच्या आत संपवायचंय, तोवर स्वयंपाक मी करणार नाही.”